झोपेचा दिवस

प्रिय डुलकी,

दचकलीस ना? या नावानं तुला हाक मारणारी त्या इमारतीत आता मीच एक उरले आहे, आणि चारचौघांत मीसुद्धा तुला मेट्रन मॅडमच म्हणते. पण हे पत्र मॅडमना नाही. मॅडमना जे सांगायचंय ते उद्या तुझ्या केबिनमध्ये, सगळ्या साहेबलोकांसमोर सांगणारच आहे: तुमच्या ऑफिसातून छापून आलेल्या ड्यूटीच्या तक्त्यावर वॉर्डची इन्चार्ज म्हणून मी सही करणार नाही, कारवाई काय करायची ती खुशाल करा. तिथे एवढं पुरे. इथे मला डुलकीशी बोलायचंय. नर्सिंगच्या होस्टेलात तोंडात ब्रश तसाच ठेवून जी नळापाशी उभ्या उभ्या झोपायची आणि जिला दंडाला धरून मी वर्गात नेऊन बसवायची, ती डुलकी.

त्या टायवाल्यापासून सुरुवात करते, कारण माझं डोकं फिरलं ते तिथे. नवा प्रोग्रॅम समजावून सांगायला तूच त्याला आमच्या वॉर्डात पाठवलं होतंस. आल्या आल्या त्यानं लॅपटॉप थेट ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर ठेवला. तो मी आधी उचलायला लावला, मग त्याचं ऐकायला बसले. माणूस वाईट नव्हता, बोलायला गोड होता. म्हणाला, आता तुमची कटकट संपली सिस्टर, सगळ्यांना सारख्या सकाळ, सारख्या दुपार, सारख्या नाईट, कुणाचं रडगाणं ऐकायला नको. मी तक्ता बघितला आणि विचारलं, ही नाईट करून सकाळी घरी जाते, तर हिला दुसऱ्याच दिवशी परत सकाळी का बोलावलंय? हिची आठवड्याची सुट्टी कुठे गेली? त्यानं बोट ठेवून दाखवलं, ही काय. ज्या दिवशी ड्यूटी सुरू होत नाही तो दिवस सुट्टीचा. मी म्हटलं, अहो, त्या दिवशी उजाडेपर्यंत ती इथेच उभी असते. तर म्हणाला, हो, पण त्या दिवशी सुरू होत नाही ना. चेष्टा करत असेल असं वाटलं. करत नव्हता.

डुलकी, त्या दिवसाला आपण काय म्हणायचो? झोपेचा दिवस. सुट्टी कधीच नाही. सुट्टी म्हणजे डोकं धुणं, बाजारात उगाच चक्कर मारणं, पोरीच्या शाळेत जाऊन तिच्या बाईंना तोंड दाखवणं. झोपेच्या दिवशी यातलं काय होतं? माझ्या घरी त्या दिवशी दाराच्या घंटीत कापूस कोंबलेला असायचा. लेकीचे बाबा भांडी अशी हळू ठेवायचे की जणू चोरीच करताहेत. बालवाडीत बाईंनी आईचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा माझ्या लेकीनं एक बंद दार काढलं आणि कडीसुद्धा नीट काढली. ते चित्र बघून मी हसले होते, आणि न्हाणीघरात जाऊन रडून आले होते. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, निदान दार तरी काढलं, माझ्या पोरानं बापाचं चित्र काढून खाली आई असं लिहिलंय. तेव्हा दोघींना हसू आवरेना, आणि ड्यूटीरूमच्या दाराबाहेर पेशंटचे नातेवाईक रागानं बघत होते.

तोच दिवस आता तुमच्या तक्त्यावर हिरव्या रंगात सुट्टी म्हणून छापून येतो. हिरव्या रंगात, अगं. ज्यानं तो रंग निवडला त्याच्या घरी बहुतेक कुणी नाईट करून आलेलं नसावं.

आणि पूर्वीचा हातानं मांडलेला पेन्सिलीचा तक्ता म्हणजे काही स्वर्ग होता असं मी म्हणत नाही. आपल्या पहिल्या इन्चार्ज, त्या थोरल्या सिस्टर, त्यांच्या काळातही तोंडं फुगायची, कुणी कुणाशी आठवडाभर बोलायचं नाही, नवऱ्याचं नाव सांगून सकाळची पाळी मागणाऱ्या होत्याच. पण थोरल्या सिस्टर तो मोठा कागद टेबलावर पसरायच्या तेव्हा त्यांची एक रीत होती, आठवते? जी तक्ता करणार तिनं सगळ्यांत नकोशी पाळी आधी स्वतःच्या नावापुढे मांडायची, मगच बाकीच्यांच्या रांगेत पेन्सिल न्यायची. आपण दोघी शिकाऊ होतो, कागदाची टोकं धरून उभ्या. तूच विचारलं होतंस, असं का हो सिस्टर? त्या मान वर न करता म्हणाल्या, दुसरीला नाईट लावताना हात जड झाला पाहिजे. पुढे तू शेजारच्या वॉर्डाची इन्चार्ज झालीस आणि मी माझ्या वॉर्डाची, तेव्हा दोघींनीही ती रीत पाळली. मी पाहिलंय तुला पाळताना. म्हणून तर राग येतो. न कळणाऱ्या माणसाचा कसला राग करायचा? तुला सगळं कळतं.

आमच्या वॉर्डातली ती तरुण सिस्टर, जुळ्यांची आई, तिचं प्रकरण तुझ्यापर्यंत कागदावरून आलं, ते मी तुला तोंडानं सांगते. पोरगी हुशार, हात इतका हलका की लहान मुलंसुद्धा तिच्याकडूनच सुई टोचून घेतात. तुमच्या तक्त्याप्रमाणे तिनं नाईट केल्या, मग तो हिरवा दिवस, मग लगेच सकाळची पाळी. पाळी संपल्यावर तिनं दुपारच्या सिस्टरला सगळ्या वॉर्डाचा रिपोर्ट दिला, एकेक बेड, एकही गोष्ट न चुकता. दिला आणि घरी जायचं सोडून समोरच्या स्टुलावर बसली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, हं, सांगा आता, पहिल्या बेडपासून. स्वतःच दिलेला रिपोर्ट स्वतःच घ्यायला बसली होती गं. आधी सगळ्या हसल्या. मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ती जागीच नव्हती.

पुढच्या खेपेला पुन्हा तसाच तक्ता, आणि या वेळी तिच्या हातात इन्शुलिनची सुई होती. खिडकीजवळच्या शिवणकामवाल्या आजी म्हणाल्या, अहो सिस्टर, मला आत्ताच तर टोचलंत की. आजींना शुद्ध होती म्हणून बोलल्या. शेजारच्या बेडवरच्या बाईंना नव्हती; त्यांना दुसऱ्यांदा टोचलं असतं तर जिवावर बेतलं असतं. मी ते सगळं लिहून वर कळवलं, कारण असं काही झालं की दडवायचं नसतं, हे आपण दोघी एकाच बाकावर शिकलो. तक्त्यामुळे हे झालं, असंही स्पष्ट लिहिलं. तर वरून काय यावं? तक्त्याबद्दल अवाक्षर नाही आणि जुळ्यांच्या आईला मेमो, निष्काळजीपणाबद्दल खुलासा करावा. खाली तुझी सही. पोरगी तो कागद हातात धरून लिननच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती. मी तिच्या हातातून तो घेतला आणि म्हटलं, याचा खुलासा मी करीन, तू घरी जा आणि झोप.

माझा खुलासा सगळ्या इस्पितळानं पाहिलाच आहे. तुमचा छापील तक्ता मी फळ्यावरून काढला, घडी घालून तुझ्या ऑफिसात परत पाठवला आणि त्या जागी पेन्सिलीचा लावला. नाईटनंतर झोपेचा दिवस, आणि त्यानंतर सुट्टी, ती वेगळी. माणसं तेवढीच, बेड तेवढेच, म्हणजे कुठेतरी ओढाताण होणारच होती. मी वॉर्डातल्या सगळ्याजणींना बोलावून तसं सांगितलं. कुरकुर झाली. नव्यानं लग्न झालेली एकजण फणकाऱ्यानं म्हणाली, ताई, तुमचं काय जातंय, तुमचे दिवस सरले की आता. मी तक्त्यातली माझी रांग तिला दाखवली. तिनं ती वाचली, पेन्सिल घेतली आणि स्वतःची एक सकाळ खोडून तिथे नाईट लिहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून वॉर्ड त्याच तक्त्यावर चाललाय, आणि कुणी झोपेत रिपोर्ट घ्यायला बसलेलं नाही.

मग तू मला वर बोलावलंस. केबिनचं दार लावलंस, चहा मागवलास, माझे गुडघे कसे आहेत ते विचारलंस आणि म्हणालीस, बाह्यरुग्ण विभागाची इन्चार्जची जागा रिकामी आहे, तुझ्यासाठी ठेवली आहे. फक्त सकाळ. नाईट नाही, दुपार नाही, रविवार मोकळा. त्या जागेवर जाताना हा तक्ता तेवढा सही करून टाक म्हणजे झालं. किती सहज म्हणालीस. तुला माहीत होतं मी काय देईन त्या जागेसाठी. होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तुला सांगायची, एक दिवस मला नुसती सकाळची ड्यूटी मिळेल, मी संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी घरात असेन आणि दार उघडायला मीच जाईन. तू लक्षात ठेवलंस. आणि नेमकं तेच काढलंस.

मी घरी आले आणि यांना सांगितलं. हे निवृत्त होऊन घरी बसलेत, संध्याकाळी एकटेच पत्ते मांडतात आणि स्वतःशीच हरतात. म्हणाले, घे की, आता तरी घे, आणखी कुणासाठी झिजायचंय? खोटं कशाला बोलू, ती रात्र मी त्या सकाळींच्या हिशेबातच घालवली. रोज बरोबर जेवू, लेकीकडे राहायला जाऊ, भाजी ताजी घेऊ. सगळं मांडून झालं. आणि दर वेळी तो लिननच्या खोलीतला गठ्ठा डोळ्यांपुढे यायचा. माझ्या सहीखाली तो हिरवा रंग कायमचा पक्का होणार, आणि मी खाली ओपीडीत बसून सकाळच्या उन्हात नाव-नंबर पुकारणार. नाही जमायचं मला ते. तू दिलेली बदलीची ऑर्डर या पाकिटातून परत पाठवते आहे. तिची घडीसुद्धा मोडलेली नाही.

हे मी रागानं लिहिते आहे, पण नुसत्या रागानं नाही. माझी लेक तान्ही होती, तापानं फणफणली होती, तेव्हा न विचारता माझ्या नाईट तू आपल्या नावावर ओढून घेतल्यास. वर ओरडलीस की आभार मानलेस तर थोबाडीत देईन. ती बाई त्या केबिनमध्ये कुठेतरी आहेच, खुर्चीत डुलकी लागली असेल तिला. उद्या मेमो द्यायचा असेल तर मला दे, निलंबन करायचं तर माझं कर. मैत्रीखातर एक अक्षरही कमी लिहू नकोस, मला ते खपणार नाही. पण जुळ्यांच्या आईचा मेमो मागे घे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज पुढच्या महिन्याचा तक्ता मांडला. पेन्सिलीला टोक यांनी काढून दिलं, कुरकुरत का होईना. रीतीप्रमाणे नकोशी पाळी आधी माझ्या नावापुढे लिहायला घेतली आणि हात थांबला. तक्ते आता मी कुठे करते? सगळ्या इस्पितळाचे तक्ते तू करतेस. मग रीतीप्रमाणे पहिलं नाव तुझं. म्हणून सगळ्यांत वर तुझं नाव घातलंय: आमच्या वॉर्डात नाईट, मग तुमचा तो सुट्टीचा हिरवा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी. माझी नाईट तुझ्याच जोडीला लावून घेतली आहे, म्हणजे एकटी पडणार नाहीस. तक्ता आत्ताच फळ्यावर लावून आले, सगळ्यांनी वाचला. नको असेल तर खोडून टाक, पेन्सिलीचंच आहे, खोडरबर माझ्या टेबलाच्या खणात असतो. पण त्यासाठी तुला खाली वॉर्डात यावं लागेल आणि सगळ्यांच्या देखत खोडावं लागेल.

तुझीच, सही सोडून बाकी सगळ्यात,
टाचणी