डावीकडची कुंडी

४ फेब्रुवारी

नटवीच्या पानांवर पुन्हा बोटं! चार पानांवर, अंगठ्यासकट.

ताईच्या दोन लाडक्या कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत – उजवीकडे जेड, डावीकडे नटवी. नटवी हे ताईनंच ठेवलेलं नाव. नर्सरीवाल्यानं सांगितलेलं लांबलचक नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. गुलाबासारखी रचलेली निळसर पानं आणि अंगभर पांढरी पावडर. ही पावडर एकदा पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही. म्हणून तिला हात लावायचा नाही, हा ताईचा कायदा. आणली त्या वर्षी मी दुकानातलं चष्मे पुसायचं फडकं घेऊन तिच्याकडे निघालो होतो, तर ताई अशी खेकसली, जणू मी अजून सहावीतच आहे.

मग आता ही बोटं कुणाची? हिला विचारलं. ही म्हणाली, "तेवढा वेळ असता तर मी घटकाभर आडवी नसते झाले?" ताई म्हणाली, "मांजर असेल."

मांजराला अंगठा असतो का?

५ फेब्रुवारी

काल ताईवर उगाच आवाज चढवला. अकरा वर्षांनी मोठी ती. आई गेल्यावर माझी वेणीफणी सोडून सगळं तिनंच केलं. दुकान काढलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईकही तीच. सकाळी माफी मागावी म्हटलं, पण राहून गेलं.

११ फेब्रुवारी

नटवीची खालची दोन पानं पिवळी, पिचपिचीत. माती चिंब. खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा पाणी. शेजारची जेड मात्र टवटवीत. एकच खिडकी, एकच ऊन, पाणी घालणारा हातही एकच – मग असं का? दुकानातल्या सवयीनं उजवं-डावं मांडून पाहिलं.

उजवं, जेड. पानं जाड, पाणी स्वतःजवळ बाळगून असते. पंधरा दिवस विसरलात तरी रुसत नाही. तहान लागली की पानांना सुरकुत्या, पाणी मिळालं की दोन-चार दिवसांत पुन्हा गुबगुबीत. धूळ पुसली तर खूशच. गळालेलं पान नुसतं मातीवर ठेवलं तरी मूळ धरतं.

डावं, नटवी. तहान हीसुद्धा सोसते, त्यात दोघी सारख्या. पण पाणी माती पूर्ण वाळल्यावर आणि मुळाशीच. पानांच्या मध्ये साचलं की कुजायला लागली. ऊन भरपूर हवं. हात नको, फडकं नको, कौतुक लांबून.

निष्कर्ष – जेड सोशिक, नटवी नखरेल. ताईला वाचून दाखवलं. म्हणाली, "नखरेल कसली रे? बिचारीला सांगता येत नाही, एवढंच."

१५ फेब्रुवारी

निष्कर्ष टिकत नाही. नटवी पाच वर्षं याच खिडकीत सुखानं नांदली. नखरे आत्ताच कुठून आले?

नव्या चष्म्यातून डावीकडे अंधूक दिसतं, असं कुणी म्हणालं की मी आधी काचा अदलाबदल करून पाहतो. अंधूकपणा काचेबरोबर पलीकडे गेला तर दोष काचेचा. तसंच केलं. ताई आंघोळीला गेली होती तेव्हा कुंड्यांच्या जागा बदलल्या. आता नटवी उजवीकडे, जेड डावीकडे.

एक चमचा इकडचा तिकडे झाला तर घर डोक्यावर घेणारी ताई! काही बोलली नाही.

२६ फेब्रुवारी

अजून बोललेली नाही.

८ मार्च

जेडची पानं गळायला लागली. सकाळी सात, आत्ता अकरा. कुंडीत चिखल. नटवीला मधोमध नवी पानं फुटलीत – पावडर जशीच्या तशी, एका बोटाची खूण नाही.

म्हणजे दोष झाडांचा नाही. डावीकडचा आहे.

उद्या ताई पाणी घालेल तेव्हा पाहायचं.

९ मार्च

आज ताईला पाणी घालताना पाहिलं. मी दारात उभा, तिच्या डाव्या हाताला, चार पावलांवर. तिला पत्ताच नाही. तिचा डावा हात कट्ट्यावरून चाचपडत कुंडीपर्यंत गेला, काठावरून पानांवर. मग त्या हाताच्या रोखानं तांब्या कलला. निम्मं पाणी बाहेर. कुंडीत पडलं की नाही याची तिला खात्री नसावी. तिनं पुन्हा ओतलं.

डावीकडे ठेवलेल्या कपाला ती हल्ली धक्का देते. दाराची चौकट तिच्या खांद्याला लागते. आणि मी म्हणतो, "बघून चाल की जरा." मी! चौतीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवणारा.

१० मार्च

ताईला दुकानात नेलं. दर वर्षी नेतो. खुर्चीत बसते, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचते, आणि मी "घार आहेस घार" म्हणून तिला घरी सोडतो.

आज ती बसेपर्यंत तक्ता फिरवून लावला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं आहेत, ती बाजू मी कधी वापरत नाही.

ताईनं वाचलं. घडाघडा, शेवटच्या ओळीपर्यंत. सगळी पुढच्या बाजूची अक्षरं.

"छान," मी म्हणालो. आत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

१३ मार्च

काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्यात उजवीकडचं किल्लीच्या भोकाएवढं उरलंय, तेही धूसर.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. चष्मा करायला लोकांना माझ्याकडेच पाठवते. म्हणाली, "गेलेलं परत येत नाही, काका. आहे ते थेंबांनी टिकवू." मग कागदावर लिहिता लिहिता, "यात कडेचं दिसणं आधी कमी होतं. कधी बोलल्या नाहीत का?"

"नाही. मला तर कधीच नाही," मी म्हणालो.

ताई शेजारीच बसली होती. पर्सच्या बंदाशी खेळत राहिली.

१४ मार्च

तक्ता पाठ का केलास, असं शेवटी विचारलं. दुकानाचा केर काढायला यायची तेव्हा अगदी जवळ उभं राहून केला म्हणे. "शेवटची ओळ आली की किती खूश व्हायचास रे तू!" कुंड्या बदलल्याचं पहिल्याच दिवशी तिच्या हाताला कळलं होतं. "मला वाटलं, आता तरी तू विचारशील."

आणि मी काय करावं? चिडलो. सांगितलं का नाहीस म्हणून तिच्यावरच ओरडलो. "एकदा तरी बोलायचं होतंस!"

ती म्हणाली, "राहू दे आता."

१९ मार्च

थेंब सकाळ-संध्याकाळ. मीच घालतो. पहिला थेंब गालावर जातो, तिचं डोकं हलत नाही. जेडची काही पानं मातीवर मांडून ठेवलीत, त्यांतल्या दोन पानांना बारीक गुलाबी मुळं दिसतात. नटवीच्या पुसलेल्या पानांवर काही फरक नाही, आणि पडणारही नाही.

शेकडो लोकांना मी दारातूनच ओळखायचो – यांना डॉक्टरकडे पाठवायला हवं. घरातलीकडे पाहिलंच नाही. लाज वाटते. ही म्हणते, "किती दिवस स्वतःला खात बसणार?"

२३ मार्च

जुन्या वह्या काढल्या. चार वर्षांपूर्वीची, ७ जून. अक्षर माझंच:

"ताई म्हणते, डावीकडून कुणी आलं की दिसतच नाही, दचकायला होतं. म्हटलं, वय झालं तुझं. नंबर तोच आहे. चष्मा पुसून दिला."