पाठीतली गोळी

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी कादंबरी वाचली. अभिनंदन करायला हात उचलत नाही. भर दुपारी ओस पडलेला रस्ता, पटापट लागणारी दारं, समोरासमोर दोन माणसं आणि कमरेला पिस्तुलं. हे आपल्या पणजोबांचं आयुष्य नाही. शाळा बुडवून आपण पाहिलेले काउबॉयचे सिनेमे आहेत. तू फक्त टोप्या बदलल्यास.

पणजोबांनी शेवटच्या आजारात लिहून ठेवलेली कबुली तूही वाचली आहेस. नावाड्याने फुकट पलीकडे न्यायला नकार दिला, म्हणून नाक्यावर शिपाई असलेल्या पणजोबांनी त्याला पाठीत गोळी घातली आणि प्रेत नदीत ढकललं. त्याच नावाड्याला तू दरोडेखोर केलंस, तेही खऱ्या नावानिशी. त्याची पणती माझ्या घरासमोर शिवणकाम करते. गिऱ्हाइकं तिला हसून विचारतात, लुटीचा माल कुठे पुरलाय. दुसऱ्या आवृत्तीत नाव बदल, नाहीतर मला बहीण म्हणू नकोस.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावर लोभ ठेवणं सध्या जड जातंय.

धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मला शहाणपण शिकवू नकोस. मास्तरांनी इतिहास म्हणून नुसत्या सनावळ्या घोकून घेतल्या. घोड्याचा घाम, उडणारी धूळ, एकट्या माणसाची धडधड मला त्या पडद्यावर दिसली. ते सिनेमे नसते तर मी एक ओळ लिहिली नसती, आणि त्याची मला लाज नाही. मी कादंबरी लिहितो, पंचनामा नाही. पाठीत गोळी घालणाऱ्याची गोष्ट कोण वाचणार? नाव तेच राहील.

येत्या रविवारी वाचनालयात माझा सत्कार आहे. त्याआधी तुझ्याकडचा तो कबुलीचा कागद जाळून टाक. मोठा भाऊ म्हणून सांगतोय, ही विनंती नाही.

आशीर्वाद आहेत, पण ऐकणाऱ्याला.

दादा

२५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कागद जाळला नाही. समोर नेऊन नावाड्याच्या पणतीच्या हातात दिला. गळ्यातली टेपही न काढता तिने तो उभ्यानेच वाचला. मला वाटलं, अंगावर येईल. ती खाली बसली. म्हणाली, आमच्या घरात आजवर सांगत आलेत की तो बायकोला टाकून पळून गेला. पणजी मरेपर्यंत दाराला कडी न लावता झोपायची, आणि लोक तिला टाकलेली म्हणायचे.

मग तिने विचारलं, तुझा भाऊ वाचतो चांगलं ना. मी हो म्हटलं.

रविवारी ती सत्काराला येणार आहे, म्हाताऱ्या आईला घेऊन. आईला दिसत नाही. म्हणून तो कागद तूच मोठ्याने वाचावास, एवढंच तिचं म्हणणं आहे.

मी येणार नाही. लोभाचं काय ते रविवारनंतर पाहू.

धाकटी