निबंधात नसलेली रांग

३ फेब्रुवारी, मंगळवार
काल सकाळी पूजा आटोपून दादरहून थेट लालबागला, काकूकडे. तिचे गुडघे आता अगदीच गेलेत. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचे मिळून. भिंत धरून जाते. खोलीतल्या मोरीत कमोड बसवू द्या, असा अर्ज चाळ कमिटीकडे केला होता. नामंजूर. आणि कारण काय, तर माझा निबंध!
एम.ए.ला होतो तेव्हा काका-काकूंच्या याच खोलीत राहून लिहिलेला. 'गिरणगावातील चाळ : एक सहजीवन'. मागे चाळीच्या स्मरणिकेत छापला होता. दळवी सेक्रेटरी हसत हसत म्हणाला, "तूच लिहिलंयस ना, चाळीत जे आहे ते सगळ्यांचं. मग काकूचं एकटीचं वेगळं कशाला?"
चहा अर्धा टाकून उठलो.

४ फेब्रु.
जप झाला नाही. प्रत्येक मण्याला दळवी.
माळ्यावरून निबंध काढून वाचला. गणपती आहे, भजनांची डबलबारी आहे, लग्नाचे मांडव, शेजारून येणारी वाटीभर आमटी, नळावरची भांडणंसुद्धा. संडास नाही. एकदाही नाही. अख्खी चाळ बांधली आणि संडास बांधायचा राहिला.
खाली सरांचा शेरा : 'सूक्ष्म निरीक्षण. काहीही सुटलेले नाही.' सरांच्या फ्लॅटमध्ये दोन होते, त्यांना काय सुटणार?
आधी हसलो. मग संताप. कारण तो निबंध मला सुचला तोच त्या रांगेत. हातात डबडं, पुढे पाच-सहा माणसं, डोक्यात वाक्यं. 'सहजीवन' हा शब्द सुचला तेव्हा कडी लावून बसलेल्या कुणाला तरी बाहेरचे आईवरून शिव्या देत होते.

६ फेब्रु.
काकूला निबंध वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होती. झोपली असं वाटलं.
"झाला? सगळी चाळ जेवता, नाचता, गजाली करता. मेल्या, पण हगाक खंय जाता ती?"
म्हटलं, गावातून आलेला मुलगा, सरांपुढे ते लिहायची लाज वाटली.
"लाज तुका इली आणि गुडघे माझे गेले."
निघताना पाण्याचा तांब्या दिसला, काठोकाठ भरलेला. दिवे लागले की पाणी पीत नाही म्हणे. रात्री उठावं लागू नये म्हणून. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही.

८ फेब्रु., रविवार
दळवीच्या घरी गेलो. त्याने दोन खोल्या एक केल्यात.
"खालच्यांकडे गळेल."
खालच्या खोलीतल्या राणे कुटुंबाने हरकत नाही म्हणून लिहून दिलंय, ते दाखवलं.
"उद्या सगळेच मागतील."
"मागू देत की."
"अरे, मग चाळीचं चाळपण काय राहिलं? आपली संस्कृती..."
एवढ्यात पडद्याआड फ्लश ओढल्याचा आवाज. टाकी भरेपर्यंत दोघेही ऐकत बसलो.
"ते जुनं बांधकाम आहे," दळवी म्हणाला. मग पाहुणे यायचेत म्हणाला.
जिना उतरताना देवाकडे क्षमा मागितली. दळवीसाठी नव्हे, दळवीबद्दल मनात जे आलं त्यासाठी. पुढच्या मजल्यावर तेच पुन्हा आलं.

१० फेब्रु.
सुनंदा म्हणते, "अहो, देवाधर्माचं करणारा माणूस तुम्ही, आणि हे रोज दातओठ खाणं?" बरोबर आहे तिचं. पण देवानेच गुडघे दिलेत ना काकूला? कमिटीने दिले नाहीत.
पुन्हा अर्ज करू? म्हणजे पुन्हा माझाच निबंध माझ्याच तोंडावर. नको. पुरे झालं लिहिणं.

१४ फेब्रु., शनिवार
दळवी घरी आहे ही खात्री करून चिंचपोकळीचा मिस्त्री आणला. काकूच्या मोरीत दुपारपर्यंत ठोकाठोकी, कमोड बसला. अख्खी गॅलरी दारात. दळवी आला.
"हे बेकायदा आहे. फोडायला लावीन!"
"लाव. त्याआधी एकदा आत जाऊन ये, नवीन आहे."
गॅलरी हसली. तो लाल झाला. मला बरं वाटलं, फार बरं. इतकं वाटायला नको होतं.
सिमेंट वाळेपर्यंत वापरायचं नाही. काकू रात्री पुन्हा भिंत धरून गेली.

१५ फेब्रु.
काकूच्या दारावर कमिटीने नोटीस चिकटवलीय. पुढच्या रविवारी मीटिंग, मला बोलावलंय. निबंधासकट, असं लिहिलंय.
सिमेंट वाळलं. दिवे लागल्यावर काकूने तांब्या उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि घटाघटा प्यायली.