डाव्या बाजूचे दात

लिहून ठेवणार ब्लागोये स्तान्कोविच, वय त्रेसष्ट, धंदा लग्नात आणि मयतीत ट्रम्पेट वाजवणे, राहणार क्रुशेवा ग्लावा, व्रान्येजवळ. माझे डोके ठिकाणावर आहे. तोंडाबद्दल तसे म्हणवत नाही. पुढील व्यवस्था मी कोणाच्या भरीला न पडता, माझ्या मर्जीने करीत आहे.

१. घर, आलुबुखाराची बाग आणि दारू गाळायचे तांब्याचे भांडे पत्नी स्तामेना हिचे. मेहुणा तिहोमिर याला माझी कवळी द्यावी, जी मी कधी लावली नाही. भर लग्नात त्याने विचारले होते, "दाजी, वाजवताय की सूप गार करताय?" त्याचे दात शाबूत आहेत, तरी ठेवून घ्यावी.

२. ट्रम्पेट मुलगी देसांका हिचे. इथे थोडा खुलासा करणे भाग आहे. माझ्या हिरड्या सुजून दात हलू लागले, तेव्हा दंत महाविद्यालयातल्या डॉक्टर झोरिकाबाई म्हणाल्या, "जंतू निमित्त आहेत हो. हाड खातायत ते तुमच्याच अंगातले रखवालदार. चोर पळाला तरी ते घर फोडत सुटलेत." रखवालदारांना शांत करणारे एक नवे औषध त्यांनी माझ्यावर तपासले. तपासणीच्या नियमाप्रमाणे ते फक्त डाव्या हिरडीत टोचले, उजवीत साधे पाणी. उजवे दात गेले. डावे घट्ट बसले. मग मी ट्रम्पेट डावीकडे सरकवून वाजवू लागलो.

देसांका माझ्याकडे बघूनच शिकली. तिचे सगळे दात जागेवर असताना तीही ट्रम्पेट डावीकडेच धरते. बँडवाले हसायचे, मला मात्र फार बरे वाटायचे.

पुढे औषध बनवणाऱ्यांनी काम बंद केले. कारण कोणालाच कळवले नाही. आता माझी डावी बाजूही हलते आहे, आणि गेल्या हिवाळ्यापासून देसांकाच्या ट्रम्पेटच्या तोंडाशी रक्त दिसते. ती म्हणते, "थोडंसंच येतं, बाबा. तुम्ही उगाच घाबरता." मीही माझ्या वडिलांना हेच म्हणालो होतो. झोरिकाबाईंना विनवले. त्यांच्या कपाटात औषधाचा थेंब नाही. मला फार भीती वाटते आणि करण्यासारखे काही सुचत नाही.

३. म्हणून माझा जबडा महाविद्यालयाला द्यावा. एकाच तोंडात औषधाची बाजू आणि पाण्याची बाजू शेजारी शेजारी आहेत. बघून कोणाला काम पुन्हा सुरू करावेसे वाटले तर वाटले. बदल्यात काही मागता येत नाही, हे मला सांगितले आहे. तरी खाली मुलीचे नाव आणि पत्ता लिहिला आहे.

स्तामेना म्हणते, "अर्ध्या तोंडाचा नवरा देवाकडे कसा धाडू मी? शेवटचा मुका कुठे घेऊ?" स्तामेना, कपाळ शाबूत राहील.

४. आमच्याकडे बापाच्या कबरीवर मुलाने वाजवायचे असते. मला देसांकाच आहे. तिने वाजवू नये, ही माझी शेवटची इच्छा. पण ती वाजवणार, हे मला ठाऊक आहे. डावीकडे धरून वाजवील, आणि त्या दिवशी तिचा हात धरायला मी नसेन.

देसांका ब्लागोये स्तान्कोविच, वय सव्वीस, पत्ता वरीलप्रमाणे.

सही: ब्लागोये स्तान्कोविच
साक्षीदार: स्लावोल्युब इलिच, ढोलवादक; आणि पाद्री वुकाशिन
क्रुशेवा ग्लावा, १४ ऑक्टोबर २०२३