माझ्याच सोफ्यावर बसून

तीर्थस्वरूप भावोजींना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच, गोड मानून घ्यावा). तुमचं बीपी आणि ताईची पाठ कशी आहे? फोन उचलला असतात तर पत्राचा त्रास दिला नसता. पण दोन वर्षं तुमचा फोन माझ्यावर रुसलेला दिसतो, म्हणून हा कागद.

सोफ्यांचा कारखाना बुडाल्यावर मी दिवाळखोरीचा अर्ज केला हे तुम्हाला ठाऊक आहेच, कारण घेणेकऱ्यांच्या यादीत अकरावं नाव तुमचं होतं, एक लाख चव्वेचाळीस हजारांसमोर. कोर्टाने सगळी देणी माफ केली आणि मला वाटलं, पाटी कोरी झाली. झाली खरी, पण बँकांनी त्या कोऱ्या पाटीवर ठळक अक्षरात लिहून ठेवलंय की हा माणूस बुडवतो. हप्त्यावर मिक्सर घ्यायला गेलो, तर दुकानदाराने संगणकात माझं नाव घातलं आणि एकदम आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलायला लागला.

मग बँकेत गेलो. तिथे लोकांना ताटकळत बसवायला जो हिरवा सोफा आहे, तो माझ्याच कारखान्यातला, लिलावातून आलेला (डाव्या हाताखालची शिवण अजून शाबूत आहे, बघून ऊर भरून आला). त्यावर बसून मी गेलेली पत मिळवायचा उपाय ऐकून घेतला. मी माझे दहा हजार बँकेत ठेवायचे, त्या तारणावर बँक मला कार्ड देणार, म्हणजे माझेच पैसे मला उधार, आणि ते मी वेळेवर फेडले की मी प्रामाणिक. एवढा विश्वास टाकायला मोठं काळीज लागतं.

मी ठेच लागलेला माणूस. सकाळी कार्डावर किराणा घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत बँकेत जाऊन पैसे भरायचे, असं सहा महिने केलं. सातव्या महिन्यात छाती काढून गेलो, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, बिल निघायच्या आधीच भरता तुम्ही. आमच्याकडे दिसतंय, तुम्ही काही घेतलंच नाही." म्हणजे बुडवलं तर नालायक आणि लगेच फेडलं तर नसल्यात जमा. आता बिल येईपर्यंत देणं अंगावर घेऊन बसतो, आणि घरातून विचारणा होते की पुन्हा तीच लक्षणं का. क्रेडिट स्कोअर मात्र अठराने वाढलाय. ताईला सांगा, ती तरी खूश होईल.

तुमचा (यादीतला नव्हे, नात्यातला)
मेहुणा

ता. क. : मोठं कर्ज हवं असेल तर जामीन आणा म्हणतात. घाबरू नका, तुमचं नाव सांगितलेलं नाही.

आणखी एक ता. क. : पाकिटात दोन हजार आहेत. कोर्टाच्या हिशेबाने मी तुमचं काहीच देणं लागत नाही. वकील म्हणाले, देऊ नका, याने स्कोअर एकानेही वाढायचा नाही. ते मलाही कळतं. तरी दर महिन्याला येतील, अजून एकाहत्तर वेळा. पावती नको. फोन वाजला की उचला.