चादरी मोजण्याची भीती

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता वाकू देते का? भाओजींचा खोकला गेला, की घरातलाच माणूस होऊन बसलाय? मी खुशाल आहे. (हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे चार दिवस हे पत्र लिहायला घेतोय आणि फाडतोय.)

आजवर लपवलं ते सांगतो. आधी बसून घे. आमच्या धुलाईच्या कारखान्यात हॉटेलांच्या चादरी येतात, आणि जेवणाच्या खोलीत पाच टेबलं आहेत. कुठे लिहिलेलं नाही, पण एकेका मुलखाच्या माणसांचं एकेक टेबल. आपल्या लोकांचं खिडकीजवळ. पहिल्या दिवशी मी गांगरलेला, दिसली त्या रिकाम्या खुर्चीवर बसलो, आणि ते टेबल निघालं भलत्यांचं. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाने मला निरखलं, आपला अर्धा डबा माझ्यापुढे सारला आणि काहीतरी विचारलं. मला ओ की ठो कळलं नाही. मी मान हलवली. ताई, त्या एका मान हलवण्यात मी त्यांच्या मुलखाचा झालो. महिनाभर गप्प राहिलो, तर बिचाऱ्यावर काहीतरी कोसळलंय म्हणून त्यांनी मला आणखीच जपलं. ऐकून ऐकून भाषा शिकलो. दोन वर्षं झाली. आता मी त्यांच्यासारखे खांदे उडवतो, आणि खिडकीजवळच्या टेबलाला नावं ठेवायची झाली की सगळ्यांत पुढे मी. (देव क्षमा करो, त्यातलं निम्मं खरंही आहे.)

आता म्हातारा निवृत्त होतोय आणि त्याने मुकादम म्हणून माझं नाव सुचवलंय. ‘आमच्यातलाच आहे, पोरासारखा,’ असं तो साहेबांना म्हणाला तेव्हा माझे कान तापले. मुकादमाने रोज सकाळी गाडी सुटण्याआधी सगळ्यांदेखत मोठ्याने चादरी मोजायच्या असतात. आणि मी बोलतो त्यांच्या भाषेत, भांडतो त्यांच्या भाषेत, पण मोजायला लागलो की तोंडात आपल्या भाषेतले आकडे येतात. परवा पुटपुटत मोजत होतो. अडतीस, एकोणचाळीस... मागून आवाज आला, ‘चाळीस.’ बघतो तर खिडकीजवळच्या, आपल्या लोकांच्या टेबलावरची काकी, घड्या घालणारी. गठ्ठा उचलून चालती झाली. तेव्हापासून जेवताना ती माझ्याकडे बघत असते आणि मी नुसता चघळत असतो. सोमवारी पहिली मोजणी. तोंडातून आपला आकडा निघाला, किंवा काकीने तोंड उघडलं, तर म्हाताऱ्याला काय तोंड दाखवू? मुकादमकी गेली खड्ड्यात. त्याने दोन वर्षं मला अर्धा डबा दिलाय गं.

भाओजींना नमस्कार. पत्र वाचून फाडून टाक.

तुझा,
(नाव लिहीत नाही. हल्ली धीर होत नाही.)

ता. क. पुढच्या महिन्यात यायचं म्हणतेस. ये, पण कारखान्याच्या फाटकावर मला हाक मारू नकोस. मी वळणार नाही आणि तू रडत बसशील. पत्र लिहायला बसलो ते खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

आणखी एक ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात सोमवार होऊन गेला. आठवडाभर उठता-बसता त्यांचे आकडे घोकले होते. दोनशे चादरी न अडखळता मोजल्या. म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. काकीने मात्र माझ्याकडे बघायचं सोडून दिलं. खोलीवर आलो, दार लावलं आणि आपल्या भाषेत मोजून पाहिलं. एकोणचाळीस, चाळीस, आणि पुढे त्यांचाच आकडा आला. तीनदा मोजलं, तीनदा तेच. ताई, मला फार भीती वाटतेय. पकडले जाण्याची भीती हिच्यापेक्षा बरी होती. तू मला एक ते शंभर लिहून पाठव. आकड्यांत नको, अक्षरांत. आई तुझी वेणी घालताना आपल्याकडून म्हणून घ्यायची तसे. आणि फाटकावर हाक मार. जोरात मार. मी वळतो का ते मला बघायचंय.