शेजारच्या खुर्चीतला आरोपी

दादा,

तुझ्या शब्दाखातर मी सरकारी वकिली सोडली आणि तुमच्या पक्षाची उमेदवार झाले. "आपण ना डावे, ना उजवे. आपण सगळ्यांचं ऐकतो," असं तू म्हणालास. काल सभेत माझ्या शेजारच्या खुर्चीत तो बिल्डर येऊन बसला. त्याच्या बांधकामाची भिंत मजुरांवर कोसळली होती, आणि राजीनामा देईपर्यंत मी त्याच्याविरुद्ध खटला चालवत होते. त्याने हात पुढे केला. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "जे काही असेल ते तुमच्या वकिलामार्फत." माइक चालू होता.

तू मला बाजूला घेऊन दटावलंस, "अगं, गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, हे तूच सांगतेस ना?" सांगते. पण कोर्टात दोन्ही बाजू ऐकल्यावर शेवटी निकाल द्यावा लागतो. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना चहा पाजतात.

आज त्या भिंतीखाली नवरा गमावलेल्या बाईचा फोन आला. उद्या तिची साक्ष आहे. "मॅडम, पेपरात तुमचा आणि त्या बिल्डरचा फोटो पाहिला. आता मी कोणाच्या भरवशावर बोलू?"

उद्या तुम्ही जाहीरनामा वाचाल तेव्हा मी कोर्टात असेन, तिला दिसेन अशा बाकावर. उमेदवारी काढायची तर खुशाल काढा. हे पत्र मात्र पाठवत नाही. तू लगेच फोन करशील, गोड बोलशील, आणि तुझं बोलणं मला लहानपणापासून पटतं.

तुझी,
छोटी